औषधाला हट्टी

बान डोन याङ, ९ जानेवारी

पिकुन,

खाम्पुनची मूत्रपिंडं आता अकरा टक्केच चालतात. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण माझं पत्र तू किती ओळींपर्यंत वाचशील याचा भरवसा नाही.

मी काही मागायला लिहीत नाही. माझ्या भावाची तू बायको आहेस, कागदावर अजून आहेस, तेव्हा तुला माहीत असावं एवढंच. मी लिहितेय हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर माझ्या हातचं जेवायचा नाही. तसाही कमीच जेवतो. मुरवलेल्या माशाचं खारट पाणी मी बंद केल्यापासून प्रत्येक घासाला माझ्याकडे असा बघतो, जणू त्याची मूत्रपिंडं मीच चोरली.

जुन्या डॉक्टरांची बदली झाली. आता मोठ्या इस्पितळात डॉक्टर सिरिन म्हणून बाई आहेत. तुझ्याच वयाच्या असतील. आवाज बारीक, पण प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत मान खाली घालत नाहीत. पहिल्याच दिवशी खाम्पुनची जाडजूड फाइल वाचून विचारलं, "वडील कशाने गेले?"

खाम्पुन म्हणाला, "हट्टाने."

आमच्या गावात अजून तसंच म्हणतात. तू लग्न होऊन आलीस तेव्हा वडील नव्हते. पाय सुजायचे, तोंड सुजायचं, लघवीला बिअरसारखा फेस. इस्पितळातल्या गोळ्यांनी काही झालं नाही. शेचाळिसाव्या वर्षी गेले. लोक म्हणाले, म्हातारा ऐकायचाच नाही कुणाचं.

बाई हसल्या नाहीत. खाम्पुनचं, माझं आणि काकांचं, तिघांचंही रक्त काढून घेतलं आणि बँकॉकला पाठवलं. निकालाला दोन महिने लागतील.

तू गेलीस त्या सकाळी माझ्या तोंडून चार शब्द जास्त गेले असतील. मी काळजीत होते. एवढं समजून घे.

तुमची पोर खाउफांग तिसरीत गेली असेल ना? उंची कुणाची घेतली?

बुआफान


बान डोन याङ, २० फेब्रुवारी

पिकुन,

पत्र परत आलं नाही. पोस्टमनला विचारलं, तर म्हणाला, "परत आलं नाही म्हणजे पोचलं. वाचलं का, ते पोस्टाच्या हातात नाही."

मागच्या पत्रात मी "चार शब्द" लिहिलं. ते चार नव्हते आणि मला ते सगळे पाठ आहेत. तुलाही असतील. तरी लिहिते. माझ्या हातून ते कागदावर उतरलेले तू बघावेस असं वाटतं.

डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "सोळा आठवडे झाले, फरक नाही. पेशंट स्टिरॉइडला दू आहे." दू. ऐकत नाही त्या पोराला आपण म्हणतो तोच शब्द. चिखलात बसलेल्या रेड्यालाही तोच. औषध लागू पडत नाही त्यालाही आपल्याकडे दुसरा शब्द नाही, हट्टीच म्हणायचं.

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर नशिबाला दोष देऊन गप्प बसलं असतं. पण मी पडले गावची आरोग्य स्वयंसेविका. तेव्हा नऊ वर्षं क्षयाचा तक्ता घेऊन घरोघर हिंडत होते. त्या तक्त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं की गोळ्या मध्येच चुकवल्या की जंतू हट्टी होतात. जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मला त्या तक्त्यावरच मिळालं. माझ्या डोक्यात "औषधाला हट्टी" याचा एकच अर्थ कोरलेला होता: कुणीतरी गोळ्या चुकवल्या.

म्हणून मी अंगणात, शेजारपाजारचे सगळे जमलेले असताना, तुला विचारलं, "गोळ्या कुणाच्या हातात होत्या?"

तू म्हणालीस, "ताई, रोज बारा मोजून दिल्यात. जेवणानंतर. एक दिवस चुकला नाही."

मी म्हटलं, "मग काय गोळ्यांनी बंड केलं?"

शेजारची कुणीतरी हसली. तू खाम्पुनकडे बघितलंस. तो खाली बघत होता. तोंड सुजून चंद्रासारखं गोल झालेलं, डोळे बारीक झालेले. त्याला दिसत तरी होतं की नाही कोण जाणे. आणि मग मी म्हटलं, "तुला काय जाणार? तू आमच्या रक्ताची थोडीच आहेस?"

दुपारच्या गाडीने तू मुलीला घेऊन माहेरी त्रांगला निघालीस. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते आता.

मी दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं की बायको गोळ्या देत नव्हती. पाहिलं होतं असं नाही म्हटलं. पण असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटावं मी पाहिलंय. मी स्वयंसेविका, छातीवर बिल्ला. त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतलं. आणि माझ्या सांगण्यावरून खाम्पुनला पुन्हा सोळा आठवडे त्याच गोळ्या दिल्या. "या वेळी तुम्ही समोर बसून द्या," म्हणाले.

मी बसले. एकशेबारा दिवस.

"तोंड उघड. जीभ वर."

"ताई, मला क्षय झालाय का?"

"जीभ वर."

"आता उडी मारून दाखवू? आत खुळखुळतात का बघ."

दर रविवारी लघवीत पट्टी बुडवायची, साठ सेकंद थांबायचं. पिवळी राहिली तर ठीक. पहिल्या रविवारी गडद हिरवी झाली. चौथ्या रविवारी गडद हिरवी. दहाव्या रविवारी मी नवा डबा फोडला, म्हटलं जुन्या पट्ट्या खराब असतील. गडद हिरवी. एकही गोळी चुकली नव्हती, माझे डोळे साक्षीला होते. सोळाव्या रविवारी मला कळलं की तू खरं बोलत होतीस.

त्याला तीन वर्षं झाली, पिकुन. तीन वर्षं मला हे माहीत आहे.

त्या दुसऱ्या सोळा आठवड्यांत त्याची साखर वाढली आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला.  चुकून डावीकडून वाढलं तर तो फक्त मान वळवतो.

बुआफान


बान डोन याङ, १८ मार्च

पिकुन,

आज मी जे बघितलं ते कुणाला सांगू, असं झालंय. खाम्पुन येऊन झोपला. माग तसाच पडलाय, दोरा हातात धरवत नाही. म्हणून तुलाच सांगते, तुला ऐकायचं असो वा नसो.

रक्ताचा निकाल आला. डॉक्टर सिरिनबाईंनी आम्हाला आत बसवलं आणि पडद्यावर दोन चित्रं लावली. एक निरोगी माणसाचं, एक खाम्पुनचं. चार वर्षांपूर्वी त्याच्या पाठीतून सुईने तुकडा काढला होता ना, तू बाहेर पंखा हलवत बसली होतीस, तोच तुकडा. कितीतरी हजार पट मोठा करून.

"रक्त गाळणाऱ्या एका बारीक नळीची ही भिंत," बाई म्हणाल्या. "आणि हे तिच्यावरचे बोटांसारखे फाटे. एका मूत्रपिंडात अशा दहा लाख चाळण्या असतात, मावशी."

"दोन्ही मिळून?"

"एकेकात."

पिकुन, मी तीस वर्षं मागाच्या फणीत दोरे भरतेय. सारख्या फटीचं मोल मला कळतं. त्या निरोगी चित्रात बोटांत बोटं गुंफावीत तसे ते फाटे एकमेकांत बसले होते, आणि मधल्या फटी अशा सारख्या, अशा सारख्या, की मी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. माझ्या कुठल्याही फणीत एवढी सारखी फट कधी पडली नाही. आणि हे कुणी विणलं? आईच्या पोटात, अंधारात, कुणाचाही हात न लागता.

"यातून दिवसाला किती पाणी गाळलं जातं?" मी विचारलं.

"एकशे ऐंशी लिटर."

पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या नऊ मोठ्या बाटल्या. आपला पाणीवाला दोन बाटल्या उचलून पायरी चढला की देवाचं नाव घेतो.

खाम्पुनच्या चित्रात बोटं नव्हती. ती एकमेकांत विरघळून सपाट झाली होती, पाण्यात भिजलेल्या तांदळाच्या पातळ पापडीसारखी. रक्तातलं जे सत्त्व आत राहायचं ते तिथून वाहून जातं. तोच फेस.

मग बाईंनी निकालाचा कागद काढला. माणसाच्या अंगात तीनशे कोटी अक्षरांची पोथी असते म्हणे. वडिलांकडून एक प्रत, आईकडून एक. खाम्पुनच्या वडिलांकडच्या प्रतीत एक अक्षर बदललेलं आहे. एक. ज्या धाग्याने ती बोटं ताठ राहतात त्या धाग्याची कृती तिथे लिहिलेली असते.

मी म्हटलं, "म्हणजे सूत रंगवण्याआधी गाठी बांधतात, तेव्हाच एक गाठ चुकली. मग मागावर कितीही ठोका, नक्षी तशीच येणार."

बाईंनी पेन उचललं. म्हणाल्या, "मावशी, हे मी उद्या विद्यार्थ्यांना सांगू का?"

मी विचारलं, "मग तो औषधाला हट्टी का?"

"हट्टी कुणीच नाही. या गोळ्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना शांत करतात. काहींच्या बाबतीत पहारेकरीच चवताळून चाळणीवर हल्ला करतात; तिथे या गोळ्या जादूसारख्या चालतात. खाम्पुनच्या पहारेकऱ्यांनी काही केलंच नव्हतं. गोळ्या गेल्या, त्यांना गप्प बसवून आल्या. चाळणीला सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं."

खाम्पुनने तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे बाबाही?"

"बहुतेक बाबाही."

तो हसला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. "बिचारा म्हातारा. शेवटपर्यंत शिव्या खाल्ल्या."

बाहेर आलो आणि मला जेवणाच्या रांगेत उभं राहवेना. समोर पन्नास माणसं शेवयांचं सूप पीत होती. लॉटरीची तिकिटं विकणारा, सलाईनची नळी घेऊन हिंडणारी म्हातारी, फोनवर भांडणारी एक मुलगी. प्रत्येकाच्या कमरेत वीस लाख चाळण्या, एकही आवाज न करता चालू. कुणाला पत्ता नाही. मला त्या प्रत्येकाला हात जोडावेसे वाटले.

आता महत्त्वाचं. खाउफांगला ते अक्षर गेलेलं असायची शक्यता निम्मी आहे. तिची लघवी तपासून घे. सकाळची पहिली. घाबरू नकोस, पण टाळूही नकोस. मी सांगतेय म्हणून नको करूस. डॉक्टर सिरिनबाईंचा फोन नंबर खाली देते, त्यांना विचार.

माझंही रक्त बघितलं होतं. त्याबद्दल मग लिहीन.

बुआफान


बान डोन याङ, १५ एप्रिल

पिकुन,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली. "खाउफांगची लघवी साफ आहे. डॉक्टर म्हणाले दर वर्षी बघा." मी ती खाम्पुनला दाखवली, त्यामुळे आता त्याला पत्रांचं माहीत झालंय. त्याने चिठ्ठी चार वेळा वाचली, मग उशीखाली ठेवली, मग माझ्यावर ओरडला.

सध्या नव्या वर्षाचं सोङ्क्रान चालू आहे. काल गावातली पोरं, सुना आल्या, मला बाकावर बसवलं, हातांवर सुगंधी पाणी ओतलं आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागितली. दर वर्षीप्रमाणे मी आशीर्वाद दिले. पाणी बोटांवरून वाहत होतं आणि माझ्या मनात आलं की मोठ्याने धाकट्याच्या हातावर पाणी ओतायची रीत आपल्याकडे नाहीच. मोठी माणसं चुकली तर कुठल्या दिवशी जायचं आणि काय ओतायचं?

म्हणून मी दुसरं काहीतरी केलं. दोन गोष्टी केल्या.

पहिली, डॉक्टर सिरिनबाईंकडे गेले आणि फाइलमधलं ते वाक्य दाखवायला लावलं. "रुग्णाची पत्नी औषध नियमित देत नाही." मी म्हटलं, खोडा. त्या म्हणाल्या, फाइलमधलं खोडता येत नाही, खाली लिहिता येतं. मी म्हटलं, मग लिहा. त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं: वरील माहिती देणाऱ्या व्यक्तीने ती खोटी असल्याचं स्वतः येऊन सांगितलं. मी सही केली.

दुसरी गोष्ट आज सकाळी. सरपंचाकडे गेले आणि म्हटलं, भोंग्यावरून मला बोलायचंय.

"कशाबद्दल?"

"पिकुनबद्दल."

"सणासुदीचं? बरं, आधी खताच्या नोंदणीचं सांगतो, मग वीज जाणार आहे ते, मग तू."

तर खत आणि विजेच्या नंतर साऱ्या गावाने माझा आवाज ऐकला. मी म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी माझ्या अंगणात तुम्ही जे ऐकलंत ते खोटं होतं. पिकुनने एकही गोळी चुकवली नव्हती. खाम्पुनचा आजार आमच्याच घराण्याचा आहे, आमच्या बापाकडून आलेला. बापही हट्टी नव्हता." पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून "धन्यवाद" म्हटलं. सरपंचाने लगेच नाचाचं गाणं लावलं. घरी येईपर्यंत तिघींनी मला थांबवून विचारलं की त्यांच्या नवऱ्याच्या लघवीला फेस येतो, तर पट्टी आहे का.

आता माझ्या रक्ताचं.

मी मागच्या पत्रात टाळलं. ते अक्षर माझ्यातही आहे. काकांमध्येही. तेरा वर्षं गावातल्या प्रत्येकाच्या लघवीत मी पट्टी बुडवली, स्वतःच्या कधी नाही. निकालाच्या दिवशी घरी येऊन बुडवली. हिरवी. खाम्पुनसारखी गडद नाही, कोवळ्या पानासारखी. बाई म्हणतात माझं सावकाश चाललंय, कदाचित जन्मभर पुरेल, पण मूत्रपिंड देता यायचं नाही. काकांचंही नाही. कायद्याने रक्ताचं माणूस देऊ शकतं, नाहीतर लग्नाची नोंद असलेला जोडीदार. आमचं रक्त तर सगळं असं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. आजार पहारेकऱ्यांचा असता तर नव्या मूत्रपिंडावरही त्यांनी हल्ला केला असता, फेस पुन्हा आला असता. पण हा दोष चाळणीच्या विणीतला आहे. बाहेरची चाळणी बसवली तर ती तशीच राहील. ज्या गोष्टीमुळे गोळ्या निकामी ठरल्या, त्याच गोष्टीमुळे नवं मूत्रपिंड टिकेल. फक्त ते आमच्या रक्ताचं नसावं.

हे ऐकल्यावर मला काय आठवलं असेल, ते तुला सांगायला नको.

बाईंनी खाम्पुनला विचारलं, "पत्नी आहे?" तो म्हणाला, "होती." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तिला एक शब्द विचारलास तर मी सगळी औषधं ओढ्यात टाकीन. तेव्हा मी खाली बघत बसलो. आता तिच्या पोटाला चीर पाडायला लावू?"

त्यामुळे मी विचारत नाही.

हे वाक्य लिहून मी मागावर बसले, चार बोटं विणलं आणि परत आले. पिकुन, पहिल्या पत्रापासून मी खोटं लिहितेय. मी मागतेच आहे. अकरा टक्के ही पहिली ओळ लिहिली तेव्हाही मागतच होते. तू नाही म्हणालीस, किंवा काहीच म्हणाली नाहीस, तर या गावात तुझ्याबद्दल कुणी ब्र काढणार नाही. भोंगा कुठे आहे ते मला आता माहीत आहे.

बुआफान


बान डोन याङ, २ जुलै

पिकुन,

तू आलीस, तपासण्यांसाठी इस्पितळात पाच दिवस राहिलीस आणि माझ्याशी एकच वाक्य बोललीस: "भातावर मीठ कुणी टाकलं?" मी टाकलं नव्हतं, शेजारणीने पाठवलेल्या डब्यात होतं. पण मी डबा उचलून बाजूला ठेवला. तू रागावलीस हेच मला बरं वाटलं.

तू त्याच्याशी बोललीस ते मी दाराबाहेरून ऐकलं. ऐकायला नको होतं. सांगून टाकते म्हणजे मनावर राहणार नाही.

तो म्हणाला, "मला नकोय तुझं."

तू म्हणालीस, "तुला विचारलंय कुणी? माझं मूत्रपिंड आहे, कुठे ठेवायचं ते मी ठरवीन."

"पिकुन, मी त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुला तोंड होतं. आता नाही उघडायचं."

 मग तू म्हणालीस, "हे मी तुझ्यासाठी करत नाही. पोरीला बाप हवाय. आणि तुझ्या बहिणीची पत्रं थांबायला हवीत, आईला वाटतं कुणी सावकार मागे लागलाय."

तो हसला. बाहेर मीही हसले आणि नर्सने माझ्याकडे बघितलं.

तू गेल्यावर डॉक्टर सिरिनबाईंनी आम्हाला पुढचं समजावलं. तुझं रक्त जुळतं. तारीख सप्टेंबरची. ऑपरेशननंतर खाम्पुनला जन्मभर औषधं, आणि त्यांत पुन्हा त्याच पांढऱ्या गोळ्या.  मी म्हटलं, "बाई, तो तर त्यांना हट्टी आहे."

"चाळणीने ऐकलं नव्हतं, मावशी. पहारेकरी ऐकतात. आता त्यांनाच समजवायचंय की घरात जे नवीन आलंय ते परकं असलं तरी आपलं आहे."

त्या सहज बोलल्या आणि पुढचा पेशंट बोलावला. मी बाहेरच्या बाकावर बसून हिशेब केला. बारा गोळ्या एकशेबारा दिवस जिथे गेल्या तिथे त्यांना काम नव्हतं. त्यांचं काम पुढे होतं, तू आल्यानंतरचं.

बुआफान


इस्पितळ, तिसरा मजला, २१ सप्टेंबर

पिकुन,

तू दुसऱ्या मजल्यावर, तो तिसऱ्यावर, आणि मला फक्त इथे बसू दिलंय. शुद्धीवर येताच तू नर्सकडून निरोप पाठवलास: "ताईला सांग, माफीबिफी काही नको. त्याला तासाला लघवी किती होते तेवढं लिहून पाठव." म्हणून लिहिते.

तुझं मूत्रपिंड बाहेर काढलं तेव्हा राखाडी पडलं होतं म्हणे. खाम्पुनच्या रक्तवाहिनीला शिवलं, चिमटा सोडला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गुलाबी झालं. सर्जन स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. वीस वर्षं हे काम करतात, तरी सांगताना त्यांचे हात हलत होते, जणू अजून हातात धरलंय. चिमटा सोडल्यावर काही मिनिटांतच ते टेबलावरच वाहायला लागलं. त्याला कुणी काही शिकवलं नाही. नव्या घरात, नव्या बाजूला, कालपर्यंतचं काम पुढे सुरू.

अकरा वाजता : सहाशे ऐंशी मिलिलिटर. मी नर्सला म्हटलं, "तुम्ही चुकीचं वाचलंत." ती म्हणाली, "मावशी, तुम्हीच वाचा." सहाशे ऐंशीच.

बारा : सातशे तीस. नर्स पिशवीतून मापात ओतते तेव्हा मी वाकून बघते. बुडबुडे येतात, दोन श्वासांत विरतात. खाली पाण्यासारखं स्वच्छ. माझ्या बापाचा फेस मी बघितलाय, भावाचा बघितलाय, स्वतःचा बघितलाय. फेस नसलेलं आमच्या घरात मी पहिल्यांदा बघतेय.

एक : सातशे दहा. पट्टी आणली होती, पिशवीत लपवून. नर्सने पकडलं. म्हणाली, "प्रयोगशाळेत पाठवलंय, तुम्हाला कशाला हवं?" मी म्हटलं, "बाई, फक्त साठ सेकंद." तिने मापातलं थोडं दिलं. साठ सेकंद झाले, ऐंशी झाले. फिकट झाक आली. नर्स म्हणाली की जुन्या मूत्रपिंडांचंही थोडं त्यात मिसळतं, काही दिवस असं राहील. मग आम्ही दोघी ती पट्टी खिडकीशी नेऊन बघत राहिलो, कारण गडद हिरवं कुठेच नव्हतं.

दोन : सहाशे साठ. खाउफांग तुझ्या आईबरोबर आलीय. तिला आत सोडत नाहीत. काचेतून तिने विचारलं, "आत्या, आईचं आत गेलं ते बाबांना टोचतं का?" मी म्हटलं, टोचत नसावं, हसतोय झोपेत. हसत नव्हता. पण तोंडाची सूज उतरली की तसा दिसतो.

तीन : सहाशे दहा. कमी झालं म्हणून मी घाबरले. नर्स म्हणते, असंच हवं, सुरुवातीला पूर येतो. तूही घाबरू नकोस.

चार : पाचशे नव्वद. जागा झाला. ओठ कोरडे, आवाज फुटत नाही. मी कान जवळ नेला. वाटलं पाणी मागतोय, किंवा दुखतंय म्हणतोय. त्याने विचारलं, "तिच्याकडे आता एकच आहे. ते नीट चालतंय का?"

मला माहीत नव्हतं. दिवसभर मी इथलं मोजत बसले, खालचं विचारलंच नाही.

पिकुन, ही चिठ्ठी नर्सच्या हाती देते. ती थांबायला तयार आहे. तो डोळे मिटत नाही, दाराकडे बघतोय. अकरापासून आत्तापर्यंत तुला तासाला किती झाली, ते याच कागदाच्या मागे लिही.

बुआफान